हळदीचा दुसरा खटला

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५,४०१,५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याची पद्धत, हा त्याचा विषय. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले, भारतीय वंशाचे दोन संशोधक हे त्यामागचे ‘शोधक’ होते. ही लढाई झाली तेव्हा आपल्याकडे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे. आज्या-पणज्या जे करत आल्या त्यावर दुसऱ्या कुणी मालकी सांगावी, हे त्यांनी चालू दिले नाही. १९९६ मध्ये परिषदेने फेरतपासणीचा अर्ज केला. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक निबंध, असे बत्तीस पुरावे मांडले. १९९७ मध्ये पेटंटचे दावे रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाच्या बळावर गरीब देशाने अमेरिकेचे पेटंट पाडावे, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्या लढाईचा मला आजही अभिमान आहे.

पण त्या निकालाने नेमके काय ठरवले? अशा फेरतपासणीत कार्यालय विचारते ते मुख्यतः इतकेच, की ही गोष्ट नवी आहे का. उत्तर आले, नाही. हळद लावल्याने जखम खरोखर लवकर भरते का, कोणत्या प्रकारची जखम, किती हळद, कितव्या दिवसापासून, हे प्रश्न त्या टेबलावर आलेच नव्हते. आपण मात्र विजयाच्या आनंदात जुनेपणालाच पुरावा मानून मोकळे झालो. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, जुने पाठ पाच परदेशी भाषांत गेले, पुढची पेटंटे अडवता आली. ते सगळे कुंपण घालण्याचे काम होते आणि ते गरजेचे होते. कुंपणाच्या आत काय पिकते आहे हे पाहण्याचे काम मात्र राहून गेले. हळदीचा एक खटला आपण जिंकलो. दुसरा, वैद्यकीय खटला अजून नीट उभाच राहिलेला नाही. तो आपणच चालवायला हवा, आणि हळद हरूही शकते हे मान्य करून चालवायला हवा.

हे म्हणणे अनेकांना खटकेल. घरोघरी लोक हळद दाबतात, रक्त थांबते, चार दिवसांत खपली धरते. आणखी काय पुरावा हवा? अडचण अशी की विळीने कापलेले बोट हळद न लावताही चार दिवसांत खपली धरते. निरोगी माणसाची छोटी जखम भरण्यासाठीच बनलेली असते. तिच्यावर जे काही लावाल त्याला यश येते. कॉफीची पूड, चुना, दगडीपाला, टूथपेस्ट, साऱ्यांच्या नावावर असे हजारो ‘गुण’ जमा आहेत. औषधाची खरी परीक्षा होते ती स्वतःहून न भरणाऱ्या जखमेवर, आणि तिथेच आपल्याकडे पुरावा विरळ होत जातो.

मुळात सगळ्या जखमा सारख्या नसतात, आणि एकच जखमही रोज सारखी राहत नाही. कापल्यावर आधी रक्त गोठते. मग सूज, लाली, ठणका. पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. काही दिवसांत तळातून लालसर, दाणेदार मांसांकुर वर येतात, कडेची त्वचा आत सरकू लागते, आणि पुढे कित्येक महिने आतले कोलॅजेनचे धागे मोडून पुन्हा विणले जात राहतात. एवढे होऊनही व्रणाच्या जागी मूळ त्वचेची ताकद परत येते ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. आता यात सूज उतरवणारा अर्क कुठे बसवायचा? पहिल्या दोन दिवसांतली सूज शरीराने मुद्दाम बोलावलेली असते; ती दाबली तर सफाई अर्धवट राहते. मधुमेह्याच्या तळपायाची जखम मात्र याच टप्प्यावर महिनोन्महिने अडकून पडते, आणि तिथे सूज उतरवणे उपकाराचे ठरू शकते. एकच अर्क एका जखमेला तारक आणि दुसरीला अडथळा ठरू शकतो. म्हणून ‘हळद जखमेला चांगली’ हे वाक्य मला अपुरे वाटते. निदान न करता औषध सांगावे, तसे ते आहे.

याला उत्तर म्हणून प्रयोगशाळेतले निबंध पुढे केले जातात. उंदराच्या पाठीवर नाण्याएवढी गोल जखम करायची, एका गटाला अर्क लावायचा, दुसऱ्याला नाही, आणि रोज क्षेत्रफळ मोजायचे. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून अशा प्रबंधांचे ढीग साचले आहेत, आणि बहुतेकांत अर्क जिंकतो. पण उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो. जखम होताच तो आकसतो आणि कडा एकमेकींकडे ओढल्या जातात. माणसाच्या अंगावर तो पडदा जवळपास नाहीच. आपल्या जखमेला तळातून भरून यावे लागते आणि वरून नवी त्वचा पसरावी लागते. उंदराची जखम दोन दिवस आधी मिटली, यावरून माणसाच्या पायाबद्दल फारसे काही सांगता येत नाही. पदवीपुरते हे प्रयोग करून थांबण्याची आपल्याकडे जी सवय पडली आहे, तिच्यात कितीतरी हुशार मुलामुलींची वर्षे वाया जातात.

हळदीतला गाजलेला रेणू म्हणजे कर्क्युमिन. तो हळदीत साधारण दोन ते पाच टक्के असतो, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जराशा अल्कधर्मी द्रावणात पाहता पाहता मोडतो. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त त्याचा सविस्तर आढावा आला. हा रेणू प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच चकवतो, हा त्यातला मोठा मुद्दा: तो स्वतः चमकतो, धातूंना चिकटतो, पेशींचे आवरण बिघडवतो, आणि या सगळ्याची नोंद ‘परिणाम झाला’ अशी होते. काटेकोर, दुहेरी अंध चाचणीत त्याचे यश दिसलेले नाही, असेही त्या लेखकांनी लिहिले. हे वाचून हळद निकालात निघाली असे मी म्हणणार नाही, कारण हळद म्हणजे केवळ कर्क्युमिन नव्हे. तिच्यात तेले आहेत, इतर द्रव्ये आहेत. पण मग कोणती हळद? सांगलीच्या बाजारातली राजापुरी की मेघालयातली लाकाडोंग? ओली, की उकडून, वाळवून, पॉलिश करून दळलेली? स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते. मसाल्यांच्या पुडींत जिवाणूंचे बीजाणू असतात, आणि रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे संयुग, मिसळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघडकीस आलेले आहेत. आजीच्या हातची हळद आणि आजची पाकिटातली हळद एकच आहे, असे धरून चालता येत नाही.

कोरफडीची गोष्ट याहून बोलकी आहे. भाजल्यावर कोरफडीचा गर लावला की थंड वाटते, हा सगळ्यांचा अनुभव. १९९१ मध्ये अमेरिकेत एक छोटी चाचणी झाली. सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या स्त्रियांची जखम उघडली होती, त्यांतल्या काहींना नेहमीचे ड्रेसिंग दिले, काहींना त्याबरोबर कोरफडीचे जेल. नेहमीच्या ड्रेसिंगने जखमा सरासरी ५३ दिवसांत भरल्या, कोरफडीच्या गटात ८३ दिवस लागले. चाचणी लहान होती, तिच्यावरून कोरफडीला कायमचे दोषी ठरवता येणार नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही ठाम निष्कर्षाएवढा पुरावा मिळाला नाही. पण टाके उसवलेल्या पोटावर महिनाभर जास्त ड्रेसिंग करून घेणाऱ्या बाईच्या जागी उभे राहून पाहिले, तर ‘वनस्पती आहे, अपाय तर होणार नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. महाराष्ट्रात तर तो टिकायलाच नको. पायाच्या भेगांवर बिब्बा लावून अंगभर फोड उठलेली माणसे आपण पाहिलेली आहेत. बिब्बाही झाडावरच येतो.

परंपरेची बाजू घेणारे इथे म्हणतील की तुम्ही पाश्चात्त्य कसोटी आमच्या ज्ञानावर लादता. मला हे मान्य नाही, आणि माझा आधार पुण्यातलाच आहे. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन छापून आले. मेणाचे नाक करून ते कपाळावर पसरायचे, त्या मापाची कातडी सोडवून, भुवयांमध्ये एक दांडा राखून खाली वळवायची, हे सर्वांना ठाऊक आहे. मी ज्याच्यापाशी थांबतो तो तपशील पुढचा आहे. कात पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करायचा. चार दिवस दुसरे काही नाही. मग त्या काढून तुपात बुडवलेले कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीचा दांडा कापायचा.

खैराच्या लाकडाचा अर्क म्हणजे कात. तो तुरट आहे, आकसवतो, वाळला की घट्ट बसतो. पण त्या कुंभाराचे ज्ञान ‘कात जखमेला चांगला’ एवढे नव्हते. किती थर, किती दिवस, त्यानंतर काय, आणि दांड्याला हात कधी लावायचा, हे सगळे त्याच्याकडे ठरलेले होते. चौथा दिवस आणि पंचविसावा दिवस कुणीतरी, कधीतरी, चुकत चुकत आणि बारकाईने पाहत शोधून काढलेला असणार. सुश्रुतसंहितेतही हेच दिसते. व्रणावरचे साठ उपक्रम तिथे सांगितले आहेत आणि त्यांत लंघनापासून चिरणे, पू काढणे, शिवणे, बांधणे, डाग देणे, व्रणाचा रंग पूर्ववत करणे, त्यावर केस उगवणे, आहार, रोग्याचे रक्षण असे सगळे येते. वनस्पतींचे लेप, काढे, तेले त्या मोठ्या व्यवस्थेतली काही पाने आहेत. शुद्ध व्रण आणि दुष्ट व्रण वेगळे, आधी शोधन, म्हणजे सफाई, मग रोपण, म्हणजे भरून आणणे, ही शिस्त तिथे आहे. ती शिस्त बाजूला ठेवून केवळ वनस्पतीचे नाव उचलणारी जाहिरात मला परंपरेशी प्रामाणिक वाटत नाही. कसोटी परकी असती, तर सुश्रुताला साठ वेगवेगळ्या गोष्टी करून पाहाव्याशा वाटल्या नसत्या.

दगडीपाल्याचेही तेच. बांधावर उगवणारे ते बारीक पिवळ्या-पांढऱ्या फुलांचे तण. विळा लागला की शेतकरी पाला हातावर चोळतो आणि हिरवा रस जखमेत पिळतो. कुणी त्याला एकदांडी म्हणते, कुणी कंबरमोडी. हे झाड मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचे. समुद्रापलीकडून आलेले ते गेल्या काही शतकांत, म्हणजे कोणत्याही प्राचीन ग्रंथाचा आधार नसताना, आपल्या शेतकऱ्यांनी नव्या तणाची पारख केली. ग्रंथप्रामाण्यापेक्षा ही पारख मला जास्त मोलाची वाटते. ती पुढे नेणे म्हणजेच चाचणी.

आणि ती मुंबईत पुढे नेलीही गेली आहे. वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली बांधून पाहिल्या. १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ते काम आले. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग तयार केले. पान धुवायचे, कापडी पट्टीवर चिकटवायचे, घडी करून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचे. त्वचारोपणासाठी मांडीवरून जिथली साल काढतात त्या जागेवर आणि भाजलेल्या अंगावर त्यांनी ते वापरले, इतर ड्रेसिंगशी ताडून पाहिले, आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केळीच्या पानात कोणताही चमत्कारी रेणू नाही. ते गुळगुळीत आहे, मेणचट आहे, जखमेला चिकटत नाही, ओल धरून ठेवते आणि फुकटाच्या भावात मिळते. ड्रेसिंग सोडवताना भाजलेला माणूस ज्या किंकाळ्या फोडतो त्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना न चिकटण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

ओल धरणे महत्त्वाचे, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये दाखवले. डुकरांच्या अंगावरच्या जखमा प्लास्टिकच्या पातळ पडद्याने झाकल्या, तेव्हा उघड्या ठेवून खपली धरू दिलेल्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने नवी त्वचा पसरली. (सुश्रुताच्या साठ उपक्रमांत ‘पत्रदान’, म्हणजे व्रणावर पान बांधणे, हा एक आहे. पानाचे खरे काम कदाचित हेच असावे.) यातून हळदीच्या मलमांपुढेही एक अवघड प्रश्न उभा राहतो. तूप, तेल किंवा मेण लावले की जखम ओली राहते. मग गुण हळदीचा की तुपाचा? प्रसिद्ध जात्यादि तेलात हळद, दारुहळद, कडुनिंब, जाईची पाने यांच्याबरोबर मोरचूद, म्हणजे तांब्याचे संयुगही असते, आणि तांबे स्वतःच जंतुनाशक आहे. श्रेय कुणाला द्यायचे ते ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

वनस्पतीचा अर्क अशा कसोटीला उतरू शकतो, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. एपिडर्मोलायसिस बुलोसा या जन्मजात आजारात त्वचा इतकी नाजूक असते की साध्या घर्षणाने सोलवटते. भूर्ज कुळातल्या झाडाच्या सालीचा अर्क सूर्यफुलाच्या तेलात मिसळून केलेले एक जेल २२३ रुग्णांवर तपासले गेले. निम्म्यांना अर्क नसलेले मलम दिले. पंचेचाळीस दिवसांत निवडलेली जखम पूर्ण मिटली ती अर्काच्या गटात ४१.३ टक्के रुग्णांत आणि साध्या मलमाच्या गटात २८.९ टक्के रुग्णांत. नव्वद दिवसांवर हा फरक तितका ठळक राहिला नाही. युरोपने २०२२ मध्ये परवानगी दिली. अमेरिकेने आधी अडवून मग डिसेंबर २०२३ मध्ये दिली. फरक माफक आहे, पण तो खरा आहे, आणि ज्या मुलांसाठी दुसरे फारसे काही नव्हते त्यांना तो मिळाला. सुश्रुताच्या पत्रदानातही भूर्जाचे नाव येते. त्यावरून कुणी उद्या ‘हे आमचेच’ म्हणेल. नाव आपल्याकडे होते. २२३ माणसांची चाचणी दुसऱ्यांनी केली.

दुसरे उदाहरण मला अधिक टोचते. तैवानमध्ये एक मलम तयार झाले, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी. त्यात दोन वनस्पतींचे अर्क आहेत. एक आपला कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. दुसरी वनस्पती म्हणजे आपल्याकडे कुंडीत लावतात तो पानओवा, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो. २०२१ मध्ये त्याची २३६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सोळा आठवड्यांत जखम पूर्ण भरली ती मलमाच्या गटात ६०.७ टक्के आणि आधुनिक शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के रुग्णांत. ही चाचणी अंध नव्हती, रुग्णाला आपण काय लावतो हे ठाऊक होते. मोजणाऱ्याला मात्र ठाऊक नव्हते. पायाचा रक्तपुरवठा बरा असलेलेच रुग्ण तिच्यात होते. एवढ्या मर्यादा धरूनही तो आकडा दुर्लक्षण्यासारखा नाही. अडकलेल्या सुजेतून जखमेला पुढच्या टप्प्यावर ढकलणे, हाच त्या मलमामागचा विचार होता. वनस्पती आपल्या गॅलरीत होती. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे १० कोटींहून अधिक मधुमेहीही आपल्याच देशात आहेत.

कायद्याने आपल्याला अडवले आहे असेही नाही. ग्रंथोक्त पाठाप्रमाणे केलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी ग्रंथाचाच आधार पुरतो, त्यामुळे उत्पादकाला चाचणी करण्याची निकड वाटत नाही, हे खरे. पण २०१५ पासून ‘फायटोफार्मास्युटिकल’ असा वेगळा वर्ग आपल्या नियमांत आहे: प्रमाणित केलेला अर्क, निदान चार घटक मोजून ठरवलेले, आणि मग इतर कोणत्याही नव्या औषधासारखी तपासणी. दार उघडे आहे. त्यातून जाणारे कमी आहेत.

तोवर घरी काय करायचे, याबद्दल मला शंका नाही. जखम भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. खोल जखमेत, भाजलेल्या अंगावर किंवा मधुमेह्याच्या पायावर कोणतीही पूड किंवा पाला भरू नये. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणामुळे दुखत नाही. हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली आणि पू दिसत नाही. आणि दोन आठवडे घरगुती उपचारांत गेले की बोटापुरते असलेले प्रकरण पावलापर्यंत पोचते. अशा पायाला आधी भार काढणे, मेलेला भाग काढणे, रक्तपुरवठा तपासणे आणि साखर आवरणे लागते. मलमाचा क्रम त्यानंतरचा, ते कितीही चांगले असले तरी.

आणि दुसरा खटला चालवायचा तर तो इथेच, सध्याच्याच साधनांत चालू शकतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यकाची आणि आयुर्वेदाची, दोन्ही महाविद्यालये आहेत. त्वचारोपणासाठी मांडीवरची साल काढलेली जागा ही तपासणीला सर्वांत सोयीची: ती सगळ्यांची जवळपास सारख्या खोलीची असते, सहसा दोन-तीन आठवड्यांत भरते, आणि एकाच माणसाच्या मांडीचे भाग पाडून वेगवेगळी ड्रेसिंगे लावता येतात, म्हणजे वय, साखर, आहार यांचा फरक आपोआप गळून पडतो. एका भागाला प्रमाणित हळदीचे निर्जंतुक मलम, दुसऱ्याला तेच मलम हळदीशिवाय, तिसऱ्याला केळीचे पान. मोजणाऱ्याला कोणत्या भागावर काय होते हे कळू द्यायचे नाही. सुरुवात करण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करायची, म्हणजे निकाल नावडता आला तरी दडपता येणार नाही. हळद जिंकली तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या यादीत जागा द्यावी, ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या जखमेसाठी. ती हळदीशिवायच्या मलमाच्या बरोबरीत सुटली, तर गावोगावच्या आशाताईंनी घरोघर सांगावे की हळद डाळीत घाला, जखमेवर नको.